शिखर नसलेला ज्वालामुखी

१० जुलै २०२४ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्हा ४.५ तीव्रतेच्या भूकंपाने हादरला. त्याच वर्षी २१ मार्चला सकाळी सहा वाजून गेल्यावर तेवढ्याच तीव्रतेचा एक आणि दहा-बारा मिनिटांत त्याहून हलका दुसरा धक्का बसला होता. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून गूढ आवाज येत असल्याच्या बातम्या तर त्याआधीपासून छापून येत आहेत. असे काही झाले की पारावर, एसटीत आणि मोबाइलवरच्या ग्रुपांत एकच शंका फिरू लागते : खाली ज्वालामुखी तर नाही ना? शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण तिच्यामागे एक खरी माहिती आहे. मराठवाड्याचा काळा दगड लाव्हापासून बनला, हे शाळेत भूगोलाच्या तासाला प्रत्येकाने ऐकलेले असते. दगड ज्वालामुखीचा, तर मग ज्वालामुखी कुठे गेला? त्याचे तोंड कुठे, शिखर कुठे? माझे म्हणणे असे की, हिंगोलीच्या ज्वालामुखीला शिखर नाही, ते कधी नव्हतेच, आणि शिखर नसणे हीच त्याच्या अफाटपणाची खूण आहे. ज्या उष्णतेने हा दगड वितळवला तिचे पायी चढून जाता येईल असे शिखर आज पाहायचेच असेल, तर ते हिंद महासागरातल्या रियुनियन बेटावर आहे, हिंगोलीपासून सुमारे ५ हजार किलोमीटरवर.

पुरावा मात्र घराजवळून सुरू होतो. उन्हाळ्यात तळ गाठलेल्या, न बांधलेल्या जुन्या विहिरीत डोकावले की जमीन उभी कापलेली दिसते. वर हात-दोन हात काळी माती. तिच्याखाली पिवळसर मुरूम. मग भोकाभोकांचा, पांढऱ्या खड्यांनी भरलेला, पहारीला दाद देणारा थर, ज्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. आणि त्याखाली सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण. काही विहिरींत पाषाण संपला की विटकरी रंगाचा, नखाने खरवडता येईल असा गेरूचा पट्टा लागतो आणि त्याखाली पुन्हा मांजऱ्या, पुन्हा पाषाण. हा क्रम उगाच लागलेला नाही. लाव्हाचा प्रवाह वाहत येऊन थांबला की त्यातले वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर चढतात आणि वरचा भाग थिजताना तिथेच अडकतात; पोटातला भाग सावकाश थंड होतो म्हणून तो घट्ट आणि एकसंध राहतो. बुडबुड्यांच्या रिकाम्या जागी पुढे पाझरत्या पाण्याने झिओलाइट आणि गारगोटी साचवली, तेच ते पांढरे खडे. म्हणजे मांजऱ्या हा प्रवाहाचा माथा आणि पाषाण हे त्याचे पोट. गेरू ही त्या दोन प्रवाहांमधल्या काळात ऊन-पावसाने झिजून तयार झालेली माती. पुढचा तापलेला प्रवाह तिच्यावर आला आणि ती खाली दबली. एका विहिरीत गेरूचे दोन पट्टे दिसले तर तिथे किमान तीन वेळा लाव्हा येऊन गेला, असे खुशाल समजावे. पाणी कुठल्या थरात लागेल हे सांगणारा जाणता माणूस खरे तर ज्वालामुखीशास्त्रच वापरत असतो, फक्त त्याला तसे कोणी सांगितलेले नसते. औंढा नागनाथचे यादवकालीन हेमाडपंती देऊळ याच दगडात उभे आहे, आणि २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली वसमतची हळद याच दगडाच्या झिजेतून झालेल्या मातीत पिकते.

या थरांची सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे ते आडवे आहेत. रस्त्याच्या खोदकामात, नदीच्या दरडीत, डोंगराच्या कडेला कुठेही पाहा, एकावर एक रचलेले, जवळजवळ सपाट. शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी असता तर थर शिखराकडून चहूबाजूंनी उतरते झाले असते आणि ते जिकडे चढतात तिकडे चालत गेल्यास तोंड सापडले असते. इथे चढायला दिशाच नाही. कारण लाव्हा एका तोंडातून उसळला नाही, तो जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला. थिजलेल्या लाव्हाने भरलेल्या त्या भेगा आजही दिसतात : खान्देशात नंदुरबार-धुळे पट्ट्यात त्यांचे शेकडो उभे कणे जमिनीतून डोके वर काढून आहेत, आणि त्यांतला साक्री-धुळे-पारोळा हा एक तर ८० किलोमीटरच्या घरात लांब आहे. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. अशा भेगेतून पातळ बेसाल्टी लाव्हा निघाला की तो डोंगर रचत बसत नाही, पसरतो. डोंगर रचायला लाव्हा थोडा लागतो आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा पडावा लागतो. आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळ बेसाल्टचा एक छोटा तुकडा आहे. त्याची रासायनिक घडण आणि वय सह्याद्रीतल्या महाबळेश्वर भागातल्या प्रवाहांशी जुळते. गोदावरीच्या पुरातन खोऱ्याने लाव्हा हजार किलोमीटरांवर वाहत बंगालच्या उपसागरापर्यंत पोचला, असाच त्याचा अर्थ लावला जातो. दख्खनचा हा पसारा आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरांवर उरला आहे. सह्याद्रीत त्याची जाडी कोयना भागातल्या एका विंधनात ९३० मीटरच्या आसपास भरली, किल्लारीच्या विंधनात ३३८ मीटर, आणि नांदेड जिल्ह्याच्या देगलूर-बिलोली भागात तर बेसाल्ट संपून खालचा जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. हिंगोली या पसाऱ्याच्या पूर्वेकडच्या, पातळ होत जाणाऱ्या बाजूला आहे.

भेगेतून एवढा लाव्हा येऊ शकतो का, अशी शंका कोणी घेईल. माणसाने लिहून ठेवलेले उदाहरण आहे. १७८३ मध्ये आइसलंडमध्ये लाकी इथे सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिन्यांत १४-१५ घन किलोमीटर लाव्हा ओकून थांबली. विषारी वायूंनी गुरे मेली, दुष्काळ पडला, त्या देशाची सुमारे पंचमांश लोकसंख्या दगावली. आणि तरीही तिथे उंच शिखर उभे राहिले नाही. छोट्या टेकाडांची एक रांग तेवढी उरली. दख्खनमधला एकेक मोठा उद्रेक याच्या शेकडो पट होता, आणि असे उद्रेक ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास, भूशास्त्राच्या हिशेबाने अगदी थोडक्या काळात, म्हणजे बहुतांशी १० लाख वर्षांच्या आत, होऊन गेले. डायनासोर त्यांनी संपवले की मेक्सिकोजवळ आदळलेल्या अशनीने, हा वाद निराळा आणि इथे त्याची गरज नाही.

आता आक्षेप. पहिला असा की, महाराष्ट्रात शंकूसारखे डोंगर तर जागोजागी आहेत, कळसूबाईचे १,६४६ मीटरचे शिखर आहे, मग शिखर नाही कसे? शिखर आहे, पण ते ज्वालामुखीने रचलेले नाही. त्याच्या अंगावरही तेच आडवे थर पायऱ्यांसारखे दिसतात. आजूबाजूचे थर नद्यांनी कोरून नेले आणि मधला तुकडा मागे राहिला. किल्ल्यांच्या माथ्यावरची सपाटी ही मूळ लाव्हापठाराचीच उरलेली चकती. दुसरा आक्षेप लोणारचा, आणि तो हिंगोलीकरांच्या तोंडी हमखास असतो, कारण लोणार तिथून सरळ रेषेत सत्तर-पाऊणशे किलोमीटरवर आहे. गोल खळगा, मध्ये खारे पाणी, चहूबाजूंनी उचललेली कड : ज्वालामुखीच्या तोंडाचे चित्र काढायला सांगितले तर कोणीही हेच काढेल. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनाही बराच काळ तसेच वाटत होते. पण १९७३ मध्ये तिथल्या विंधनांतून वर काढलेल्या खडकात मॅस्केलिनाइट सापडले. ही काच एरवीच्या ज्वालामुखीत तयार होत नाही. तिला अशनीच्या आघाताइतका क्षणिक आणि प्रचंड दाब लागतो. लोणार हे १.८ किलोमीटर व्यासाचे आघातविवर आहे, आणि ते दख्खनचा लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षे लोटल्यानंतर त्याच्या थरांत पडले. महाराष्ट्रातले ज्वालामुखीच्या तोंडासारखे दिसणारे सर्वांत ठळक ठिकाण ज्वालामुखीचे नाही, आणि ज्वालामुखीची खरी तोंडे धुळ्याच्या माळावर कणे म्हणून उभी असूनही कोणाला तशी वाटत नाहीत. दिसण्यावर विसंबू नये ते इथे.

मग रियुनियनचा संबंध काय? १९७१ मध्ये डब्ल्यू. जेसन मॉर्गन या अमेरिकी शास्त्रज्ञाने कल्पना मांडली की पृथ्वीच्या प्रावरणात खोलवरून तप्त पदार्थाचे काही स्तंभ वर येतात, ते बऱ्यापैकी एका जागी राहतात आणि त्यांच्यावरून भूकवचाची तबके सरकत जातात. पेटत्या चुलीवरून तवा हळूहळू ओढत न्यावा आणि त्याच्या बुडाला काजळीचा पट्टा उमटावा, तसा सरकत्या तबकावर ज्वालामुखींचा माग उमटतो. भारत सरकला उत्तरेकडे, तेव्हा माग दक्षिणेकडे तरुण होत गेला पाहिजे. १९८७ मध्ये जॉइडीस रेझोल्यूशन या जहाजाने हिंद महासागराचा तळ ठिकठिकाणी विंधून हे तपासले. मालदीवजवळचा बेसाल्ट सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षांचा निघाला, चागोसजवळचा सुमारे ४ कोटी ९० लाख, त्याच्या दक्षिणेला मस्करीन पठारावरचा तीन-सव्वातीन कोटींच्या आसपास. मॉरिशसचे सर्वांत जुने खडक ८० ते ९० लाख वर्षांचे आहेत, रियुनियनचे उघडे खडक २० लाखांच्या अलीकडचे, आणि तिथला पितों द ला फुर्नेज आजही पेटतो. सहा कोटी साठ लाख वर्षांत ५ हजार किलोमीटर म्हणजे वर्षाला साडेसात सेंटिमीटरच्या आसपास. भारत आजही वर्षाला ५ सेंटिमीटरच्या आसपास सरकतो आहे आणि पूर्वी याहून बराच वेगाने सरकत होता, तेव्हा हिशेब बसतो. दख्खनच्या दगडात कोरल्या गेलेल्या चुंबकीय दिशाही तेच सांगतात : हा लाव्हा थिजला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती.

या मागावर मराठी माणूस आधीच जाऊन राहिला आहे, ही त्यातली एक गंमत. एकोणिसाव्या शतकात कोकणातून ऊसमळ्यांवर राबायला गेलेल्या मजुरांचे वंशज मॉरिशसमध्ये अजून गणपती बसवतात आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. महाशिवरात्रीला त्या बेटावरचे हिंदू ज्या गंगा तलावाकडे पायी जातात तो तलाव एका विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात साचलेला आहे. औंढ्याच्या देवळाचा काळा पाषाण आणि गंगा तलावाची कड यांचे मूळ एकच, एवढे म्हणायला हरकत नाही.

हरकत घेणारे आहेत, आणि त्यांचे म्हणणे ऐकले पाहिजे. आयआयटी मुंबईचे हेतू शेठ यांनी प्रावरणस्तंभाच्या कल्पनेवर अनेक वर्षे प्रश्न उभे केले. स्तंभाचे डोके येऊन धडकले असेल तर उद्रेकाआधी जमीन घुमटासारखी फुगायला हवी होती, तिचा पुरावा कुठे आहे? दख्खनमधल्या चुंबकीय मोजमापांनी दाखवलेले अक्षांश आजच्या रियुनियनपेक्षा बरेच दक्षिणेकडचे येतात, ते कसे? आणि नर्मदा, तापी, खंबात, पश्चिम किनारा इथे भूकवच आधीच फाटत होते, तर त्या फाटण्यानेच खालचा पदार्थ वितळला असे का मानू नये? यातला शेवटचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. पण तो लाव्हा कुठून बाहेर पडला हे सांगतो. बाहेर पडल्यानंतर दक्षिणेकडे ५ हजार किलोमीटरपर्यंत वयाच्या क्रमाने लागलेली रांग आणि तिच्या टोकाला जळता ज्वालामुखी का, हे सांगत नाही. अक्षांशांच्या तफावतीला एक उत्तर असे की स्तंभ पूर्ण स्थिर नसतात, तेही सावकाश हलतात. १९९३ मध्ये असीष बसू आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गुजरात-राजस्थानातल्या दख्खनशी निगडित काही खडकांत हेलियमच्या दोन समस्थानिकांचे रियुनियनशी जुळणारे प्रमाण सापडले. असे प्रमाण खोल प्रावरणाकडे बोट दाखवते. २०१२-१३ मध्ये फ्रेंच आणि जर्मन शास्त्रज्ञांनी रियुनियनभोवतीच्या समुद्रतळावर भूकंपमापकांचे जाळे टाकले, तेव्हा गाभ्याच्या सीमेपासून वर येणारा तप्त पदार्थ दिसला खरा, पण तो पुस्तकातल्या आकृतीसारखा सरळ नव्हता. तिरका, फांद्या फुटलेला होता. म्हणजे कल्पनेची सोपी आवृत्ती चुकीची, मूळ सांगाडा शाबूत. फाटणाऱ्या कवचाखाली स्तंभ आला आणि दोन्हींनी मिळून हे काम केले, असे मानणे मला पुराव्याला धरून वाटते.

आता त्या शिखराकडे जाऊ, कारण तिथे पोचल्यावर माझा मूळ मुद्दा आणखी पक्का होतो. पितों द ला फुर्नेज २,६३२ मीटर उंच आहे, कळसूबाईपेक्षा जवळजवळ हजार मीटरने. बेट फ्रान्सचे, हवा उष्ण कटिबंधाची, रियुनियन विषुववृत्ताच्या दक्षिणेला २१ अंशांवर तर हिंगोली उत्तरेला साधारण तितक्याच अंतरावर. सडक २,३११ मीटरवरच्या पास द बेलकोंबपर्यंत जाते. तिथून कड्याला लागलेल्या पायऱ्या उतरून आंक्लो फुके नावाच्या विस्तीर्ण खळग्यात शिरायचे, लाव्हावर पांढऱ्या रंगाने मारलेल्या खुणा धरून चालायचे आणि मग माथ्यावर चढायचे. जाऊन-येऊन पाच-सहा तासांची चाल. सकाळ टळली की ढग चढतात आणि खुणा दिसेनाशा होतात, म्हणून माणसे अंधारातच निघतात. वाटेवरचा दगड मराठवाड्याच्या माणसाला परका वाटणार नाही : तोच काळा, तोच भोकाभोकांचा, फक्त भोके अजून रिकामी आहेत. त्यांत पांढरे खडे साचायला अवकाश आहे, आणि वर काळी मातीही नाही.

एवढे चढून माथ्यावर काय दिसते? दोलोमियू नावाचे, सुमारे एक किलोमीटर लांबीचे, बहुतेक वेळा गप्प असलेले विवर. एप्रिल २००७ मध्ये इथे शतकातला सर्वांत मोठा उद्रेक झाला, पण लाव्हा शिखरातून आला नाही. तो खाली, समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्याही आतल्या उंचीवर, डोंगराच्या कुशीत उघडलेल्या भेगेतून निघाला आणि समुद्राला मिळाला. पोटातला शिलारस असा खालून निघून गेल्यावर माथ्याचा आधार सुटला आणि विवराचा तळ थोड्याच दिवसांत ३०० मीटरहून अधिक खचला. प्रवासी आज शिखरावरून जे भव्य खोलगट पाहतात ती आगीच्या जाण्याची खूण आहे. त्या उद्रेकातला लाव्हा मोजला तर घन किलोमीटरच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. जिथे शिखर आहे तिथेही मोठे काम भेगाच करतात, आणि तिथल्या मापाने मोठे ठरलेले काम दख्खनच्या एका प्रवाहात सहज हरवून जाईल. १९७७ मध्ये असाच कुशीतून निघालेला लाव्हा पितों-सेंत-रोज गावात शिरला, घरे जाळली आणि चर्चच्या दाराशी येऊन दोन्ही बाजूंनी वळून गेला. भाविक त्याला चमत्कार म्हणतात. नामदेवांसाठी देऊळ फिरले असे मानणाऱ्या औंढ्याला त्यात नवल वाटू नये. सरकारने मात्र धडा घेऊन १९७९ मध्ये तिथे ज्वालामुखी वेधशाळा सुरू केली.

त्या वेधशाळेच्या कामातून हिंगोलीच्या शंकेलाही उत्तर मिळते. शिलारस वर येऊ लागला की डोंगर सेंटिमीटरांनी फुगतो, त्याच्या पोटात लहान भूकंपांची झुंबड उडते, वायू बदलतात, आणि बहुधा काही मिनिटांत वा तासांत भेग उघडते. हिंगोलीत ना जमीन फुगली आहे, ना वायू निघाले आहेत, आणि खाली शिलारसाचे कोठारही नाही; ज्या उष्णतेने ते भरले असते ती केव्हाच मागे राहिली. इथले धक्के निराळ्या कारणाचे आहेत. भारतीय तबक हिमालयाला रेटते आहे, तो ताण सगळ्या द्वीपकल्पात साठतो आणि बेसाल्टखालच्या जुन्या खडकातल्या कच्च्या भेगांवर सुटतो. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंपही ज्वालामुखीचा नव्हता. धक्का लहान आणि उथळ असला तर त्याची लहर हवेत शिरून गडगडल्यासारखी ऐकू येते, अंगाला मात्र जाणवत नाही. गूढ आवाजांचे बरेचसे गूढ एवढेच आहे. याचा अर्थ निर्धास्त राहावे असा मुळीच नाही. किल्लारीत सुमारे १० हजार माणसे गेली ती दगड-मातीच्या जड भिंती आणि माळवदांखाली, आणि तशी घरे हिंगोलीच्या खेड्यांत अजून आहेत. ज्वालामुखीची भीती घालवून भिंतींची काळजी लावून घेणे हे जास्त शहाणपणाचे. औंढा तालुक्यातल्या दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या त्या यंत्रासाठी जमिनीची बारीकसारीक थरथर मोजावीच लागते.

रियुनियनला जाणे थोड्यांनाच जमेल; जाणाऱ्यांनी उद्रेकाची चिन्हे दिसली की आंक्लो फुकेचे दार बंद होते, एवढे ध्यानात ठेवून दोन-चार दिवस हाताशी राखावेत. विहीर मात्र प्रत्येक गावात आहे, आणि न बांधलेल्या विहिरी झपाट्याने बुजवल्या किंवा सिमेंटने लिंपल्या जात आहेत. म्हणून हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा या पाचही तालुक्यांतल्या भूगोलाच्या शिक्षकांना विनंती : वार्षिक परीक्षा आटोपल्यावर मुलांना एखाद्या जुन्या विहिरीवर न्या, कडेपासून सुरक्षित अंतरावर उभे करा, आणि दोरीला गाठी मारून कोणता थर किती खोलीवर सुरू होतो ते वहीत लिहून घ्या. गेरूचा पट्टा दिसला तर त्याची जाडी आवर्जून नोंदवा. विहिरीच्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंचीही लिहायला विसरू नका, कारण तिच्याशिवाय शेजारच्या गावाच्या नोंदीशी तुमची नोंद जुळवता येणार नाही.